कुंपणालगतची माती

काशिनाथ पाटणकर लेकीकडे ऑकलंडला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटेच फिरून आले आणि चहा घेता घेता अनुयाला म्हणाले, "इथं जवळ मोटारींचा कारखाना आहे का गं?"

अनुयाला नवल वाटलं. कारखाना होता, पण तो बंद पडून पंचवीस वर्षांच्या वर झाली होती. जपानहून वापरलेल्या गाड्या जहाजांनी येऊ लागल्या, तेव्हा इथं गाड्या जोडणं परवडेनासं झालं. त्या जागेवर आता गोदामं होती, एक जिम होती, मुलांचं ट्रॅम्पोलिन पार्क होतं. पाटी कुठेही नव्हती. तिला स्वतःलाही हे घर घेतल्यावर वर्षभरानं कळलं होतं.

काशिनाथ म्हणाले, रस्त्यांवरून कळलं. आजूबाजूचे सगळे रस्ते एकाच जागी येऊन मिळतात आणि तिथं बघण्यासारखं काहीच नाही. एका बाजूचा फुटपाथ दुप्पट रुंद आहे, म्हणजे पाळी सुटल्यावर शेकडो माणसं एकदम चालत येत असणार. घरं सगळी एका साच्यातली, फक्त कोपऱ्यावरची चार जरा मोठी. ती फोरमनची. आणि कोपऱ्यावरची डेअरी, म्हणजे इथलं किराणा दुकान, सकाळी सव्वापाचलाच उघडते. त्यांनी दुकानदाराला खुणेनं घड्याळ दाखवून कारण विचारलं होतं. तो म्हणाला, आधीच्या मालकाची हीच वेळ होती.

"सहाची पहिली पाळी," काशिनाथ म्हणाले. "भोंगा बंद झाला तरी दुकान त्याच वेळेवर चाललंय."

त्यांना हे सहज दिसणं साहजिक होतं. चिंचवडजवळच्या एका मोटार कंपनीत, पेंट शॉपमध्ये, त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. सुपरवायझर होऊन निवृत्त झाले होते. बायको गेल्यापासून दोन वर्षं एकटे होते. अनुया टाकानिनी उपनगरातल्या एका क्लिनिकमध्ये फार्मासिस्ट होती. तिचा नवरा ऋतुराज आयटीत होता आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायचा. साडेतीन वर्षांच्या नीलला मराठी सगळं कळायचं, पण बोलायचा इंग्रजीच. आजोबा मराठीत विचारत, नातू इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघांचं झकास चालायचं.

घर अनुया-ऋतुराजनं मागच्या अंगणासाठीच घेतलं होतं. लांबलचक, कुंपणापर्यंत उतरत गेलेलं अंगण. कुंपणापलीकडे गोदामाची भिंत. काशिनाथांनी आल्या आल्या ठरवलं की खालच्या कोपऱ्यात टोमॅटो आणि मेथी लावायची. ऑक्टोबरचा शेवट होता, लेबर डेची सुट्टी तोंडावर आली होती, आणि त्या सुट्टीत टोमॅटो लावायचे असतात हे शेजारच्या तावीतानं त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

तावीता सामोआ बेटांवरचा. सत्तरी ओलांडलेला, भरदार, गुडघे दुखत असल्यानं हळू चालणारा. विशीत असताना तो याच कारखान्यासाठी इथं आला, याच रस्त्यावर घर घेतलं आणि कारखाना बंद झाल्यावरही हलला नाही. त्याची बायको मालिया मागच्या अंगणात अळू लावायची. पानं नारळाच्या दुधात शिजवायची, आणि जुडी बांधून अनुयाकडेही पाठवायची. अनुया त्याच्या वड्या करायची. नीलला त्या आवडायच्या.

गुरुवारी दुपारी अनुया कामावरून आली तेव्हा अंगणात वेगळंच चाललेलं दिसलं. काशिनाथ नीलचा दंड धरून त्याला नळाखाली हात धुवायला लावत होते आणि नील रडत होता. त्यांनी नातवावर आवाज चढवलेला तिनं कधी ऐकला नव्हता. विचारलं तर म्हणाले, काही नाही, चिखलात खेळत होता.

संध्याकाळी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाहिलं, तर खणलेल्या कोपऱ्यावर त्यांनी ताडपत्री टाकून वर विटा ठेवल्या होत्या. नील दाराशी उभा राहून "माय ट्रेझर, माय ट्रेझर" करत होता. त्याच्याकडे आइस्क्रीमचा रिकामा डबा होता, त्यात तो त्या कोपऱ्यात सापडणारे रंगीत खडे साठवायचा. आडवे पट्टे असलेले खडे होते ते. पिवळा, लाल, करडा, पुन्हा पिवळा. इथल्या हिवाळ्यापासून, म्हणजे जूनपासून, त्याचा हा उद्योग चालला होता. अनुयानंच ते धुऊन खिडकीत मांडले होते. आता खिडकी रिकामी होती.

तिनं वडिलांना गॅरेजमध्ये गाठलं. डबा त्यांनी जुन्या रंगाच्या बादल्यांमागे ठेवला होता.

"बाबा, काय झालंय ते सांगा मला."

डबा काढून त्यांनी एक खडा तिच्या हातावर ठेवला. तो दगडाच्या मानानं फार हलका होता.

"हा दगड नाही," ते म्हणाले. "हा रंग आहे. गाडी रंगवताना जो फवारा उडतो ना, तो खालच्या जाळीवर, हुकांवर बसतो. भट्टीत भाजला जातो. रोज एक थर. वर्षाचे थर झाले की आम्ही छिन्नीनं फोडून काढायचो."

"मग तो इथं कसा?"

"टाकला म्हणून. आणि नुसता हा नाही. रंग मारायच्या बूथच्या खाली पाण्यात जो गाळ बसायचा, तोही आहे. मी दोन फूट खणलं, निळसर चिकणमातीसारखं लागलं, थिनरचा वास आला. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखेन."

अनुया फार्मासिस्ट होती. पुढचा प्रश्न तिनं विचारला, पण उत्तर तिला आधीच ठाऊक होतं. काशिनाथांनी मान डोलावली. जुन्या पिवळ्यात आणि लालमध्ये शिसं असायचं, प्रायमरमध्येही.

"तो तोंडात घालत होता, अनू. ओला केला की रंग चकाकतो म्हणून. काल मी बघितलं."

ती तिथंच बादलीवर बसली. मग तिनं विचारलं की हे कालच का नाही सांगितलं. एक अख्खा दिवस गेला होता.

काशिनाथ म्हणाले, "कारण मीही हेच केलंय."

आणि मग त्यांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. कंपनीमागं ओढ्याच्या कडेला पडीक जागा होती. गाळाची पिंपं न्यायला गाडी यायला हवी, ती महिनोन्‌महिने यायची नाही. वरून तोंडी सांगणं यायचं, मागं खड्डा करा. माणसं काशिनाथ लावायचे, गेटपासवर सही ते करायचे. चार-पाच वर्षं चाललं हे. पुढं कंपनीनं ती जागा विकली आणि आता तिथं सोसायटी उभी होती, आठ इमारतींची. त्यांच्याच पाळीतल्या विश्वनाथनं तिथं फ्लॅट घेतला होता. ओढ्याच्या बाजूला मुलांची बाग होती.

"काल खड्ड्यात बघितलं आणि वाटलं, माझंच आहे हे," ते म्हणाले. "तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

अनुयाला त्या क्षणी वडिलांचा राग आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. ती उठली, नीलला गाडीत घातलं आणि डॉक्टरकडे घेऊन गेली.

शुक्रवारी दुपारी रक्त घेतलं. नर्सनं सांगितलं की सोमवारी लेबर डे, रिपोर्ट मंगळवारी. चार दिवस. अनुया रोज लोकांना काउंटरवरून सांगायची की काळजी करू नका, रिपोर्ट आला की बघू. आता तेच वाक्य तिला कुणीतरी सांगितलं आणि तिला त्याचा अर्थच लागेना. नील हल्ली हट्टी झाला होता, जेवताना पोट दुखतं म्हणायचा; या वयात होतं, म्हणून तिनं सोडून दिलं होतं. आता तिला प्रत्येक गोष्ट आठवू लागली. जूनपर्यंत शिकलेले शब्द, त्यानंतर शिकलेले शब्द. अळूच्या वड्या.

ऋतुराजनं सगळं ऐकून घेतलं. तो घाबरला की व्यवस्थित बोलायला लागायचा, तसा तो बोलला. रिपोर्ट येईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही. कदाचित काही निघणारही नाही. एकदा काउन्सिलच्या फाइलीत हे घर दूषित जमीन म्हणून चढलं की कायमचं चढलं, आणि आपल्याबरोबर रांगेतली सगळी सात घरं चढतील. रांगेतल्याच अक्षतनं घर विकायला काढलंय, महिनाअखेरीला लिलाव आहे. मंगळवारपर्यंत थांबू.

त्याचं म्हणणं तिला पटलं. खरं तर तिला पटवून घ्यायचं होतं.

पण शनिवारी सकाळी तावीताच्या घरी गाड्या आल्या. लांब सुट्टी म्हणून त्याची नातवंडं आली होती. पाच होती, सगळ्यात धाकटी चालायला शिकलेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अनुयाला ती कुंपणावरून दिसत होती. मालियानं सगळ्यांना अनवाणी अळूत उतरवलं होतं. धाकटीनं मूठभर माती उचलली आणि तोंडाकडे नेली. मालियानं हसत तिचा हात झटकला.

ऋतुराज मागं आला होता, त्यानंही बघितलं. तो म्हणाला, "जाऊया आपण. पण सांगायचं कसं?"

ते दोघं हे बोलत असतानाच त्यांना दिसलं की काशिनाथ फाटकातून बाहेर पडून तावीताच्या अंगणात शिरलेत. हातात आइस्क्रीमचा डबा होता.

अनुया धावत गेली. काशिनाथांना इंग्रजी बोलायची सवय नव्हती. दुकानात दोन वाक्यं बोलायचीही त्यांना धास्ती वाटायची. पण ती पोचली तेव्हा दोघं म्हातारे अळूच्या वाफ्याशी वाकून उभे होते आणि काशिनाथ एकेक शब्द पुढं ठेवत होते. "प्रायमर. स्प्रे बूथ. ओव्हन." तावीता प्रत्येक शब्दाला "येस" म्हणत होता. तोही अकरा वर्षं रंगाच्या लाइनवर होता. त्यानं खडा हातात घेतला, नखानं थर मोजल्यासारखे केले आणि कुठल्या वर्षी कुठला रंग चालू होता ते सांगितलं.

मग त्याच्या लक्षात आलं. अनुयाला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्यानं सांगितलं की हा सगळा भाग पूर्वी दलदल होता. पावसाळ्यात कुंपणापाशी घोट्याएवढं पाणी साचायचं. कंपनी फुकट भराव द्यायची, दर शनिवारी एक ट्रक. कामगारांनी रांगेत नाव लावायचं. ट्रक तोच चालवायचा. आपल्या घराला, शेजारच्या घराला, सातही घरांना त्यानंच माती आणून टाकली होती. लोक त्याला बिअर आणून द्यायचे.

"वी सेड थँक यू," तो म्हणाला. "एव्हरी सॅटरडे."

काशिनाथांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तावीतानं मालियाला हाक मारून सामोअन भाषेत काहीतरी सांगितलं. मालियानं आधी नातवंडांना आत नेऊन आंघोळीला बसवलं. मग ती सुरी घेऊन परत आली आणि अळू कापायला लागली. ऋतुराज मदतीला गेला, तर तिनं त्याला नको म्हटलं. चाळीस वर्षांचा वाफा तिनं एकटीनं काढला, एकेक कंद पिशवीत भरला. चर्चमध्ये दर महिन्याला ती याच पानांचं जेवण घेऊन जायची. 

मंगळवारी दुपारी साडेतीनला फोन आला. अनुया औषधांच्या कपाटाशी उभी होती. डॉक्टर म्हणाल्या, औषध द्यावं लागेल इतकं शिसं नाही, पण असायला हवं त्याच्यापेक्षा बरंच जास्त आहे. संपर्क थांबला की कमी होत जाईल. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. आणि ही पातळी पब्लिक हेल्थला कळवावीच लागते, तसा कायदा आहे. अनुयानं विचारलं, त्याच्या मेंदूवर काही परिणाम झाला असेल का? डॉक्टर म्हणाल्या की ते आज कुणीच सांगू शकणार नाही, लक्ष ठेवू. तिनं थँक यू म्हणून फोन ठेवला, समोरच्या बाईला तिचं औषध कसं घ्यायचं ते नीट समजावलं आणि मग मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर अधिकारी आले, नळ्या जमिनीत घालून माती काढून नेली. तावीताची नातवंडं तपासली. दोघांच्या रक्तात थोडं सापडलं. पंधरा दिवसांनी चर्चच्या हॉलमध्ये रस्त्यावरच्या लोकांना बोलावलं. कंपनीचे कागद कुणाकडेच नव्हते. अधिकारी बाई नकाशा लावून म्हणाल्या की भराव कुठं आणि किती खोल आहे याचा अंदाज नाही, सगळीकडे खणून बघायला फार वेळ जाईल.

काशिनाथ उठले. त्यांनी मराठीत बोलायला सुरुवात केली आणि अनुयानं शेजारी उभं राहून इंग्रजी केलं. ते म्हणाले, मी पेंट शॉपचा सुपरवायझर होतो. आम्हीही गाळ पुरायचो, मीच पुरायला लावायचो, म्हणून सांगतो. गाळ जड असतो, ट्रक लांब जात नाही. आधी गाळ ओततात आणि दिसू नये म्हणून वर चांगली माती टाकतात. जिथं ट्रकला मागं घेऊन वळायला जागा आहे आणि जमीन सगळ्यात खोल आहे, तिथं बघा. तावीता उठून नकाशापाशी गेला आणि ट्रक कुठं वळवायचा ते त्यानं बोटानं दाखवलं. तीन जागा निघाल्या.

"मीच पुरायला लावायचो" हे वाक्य इंग्रजीत करताना अनुया एकदा अडखळली. पण तिनं ते गाळलं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये अक्षत त्यांची वाट बघत थांबला होता. त्याचं घर लिलावातून मागं घ्यावं लागलं होतं, आणि मोठं घर घेऊन त्यानं ठाण्याहून आईवडिलांना बोलवायचं ठरवलं होतं, तेही आता लांबणार होतं. तो चांगला मुलगा होता, दिवाळीला फराळ घेऊन येणारा.

"काका, तुम्ही चार महिन्यांचे पाहुणे," तो म्हणाला. "तुम्ही परत जाल. आम्हाला इथंच राहायचंय."

काशिनाथ म्हणाले, "म्हणूनच सांगितलं."

अक्षत गाडीत बसून निघून गेला. पुढं बरेच महिने तो आणि त्याची बायको समोरासमोर आले तरी मान वळवून जायचे.

सांगितलेल्या तीन जागांपैकी दोन ठिकाणी गाळ सापडला. इथल्या उन्हाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, सातही अंगणांची मीटरभर माती उपसून नेली आणि नवी टाकली. खर्च कुणी करायचा यावर अजून पत्रापत्री चालू आहे. फेब्रुवारीत नीलचं रक्त पुन्हा तपासलं, तेव्हा आकडा निम्म्याच्या खाली आला होता. अनुयानं तो कागद दोन-तीनदा वाचला. तरी अजूनही नील एखादा शब्द विसरला किंवा उगाच चिडला, की ती हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत राहते.

काशिनाथ मात्र तोवर थांबले नव्हते. मार्चचं तिकीट बदलून ते जानेवारीतच परत गेले. निघताना अनुयानं विचारलं की एवढी घाई का, तर म्हणाले, तिथं पण एक बाग आहे. ती त्यांच्याशी त्या शुक्रवारपासून मोजकंच बोलत होती. विमानतळावर तिनं त्यांच्या पाया पडताना बराच वेळ हात तसाच ठेवला.

चिंचवडला जाऊन ते आधी सोसायटीच्या कार्यालयात गेले. अध्यक्षांनी बसवून घेतलं, चहा दिला आणि वयामुळं तुमचा काही घोटाळा होतोय असं सुचवलं. मग ते विश्वनाथच्या घरी गेले. विश्वनाथनं सगळं ऐकलं आणि म्हणाला, आयुष्यभराचं घर आहे माझं, तू आता हे उकरू नकोस. त्यानं दार लावून घेतलं. चाळीस वर्षांची मैत्री होती. काशिनाथांनी घरी येऊन संबंधित खात्याला अर्ज लिहिला. कधी, कुठं, साधारण किती पिंपं, आणि गेटपासवर कुणाची सही, ते सगळं लिहिलं. खाली स्वतःचं नाव घातलं. दर सोमवारी जाऊन ते चौकशी करायचे.

एप्रिलमध्ये एके संध्याकाळी अनुया क्लिनिकमधून निघत असताना त्यांचा फोन आला. आधी त्यांनी नीलची चौकशी केली. तो काय खातो, काय बोलतो, पोट दुखतं का. मग म्हणाले की आज दोन माणसं आली होती. घसरगुंडीजवळची माती काढून नेली, तीन आठवड्यांनी सांगतो म्हणाले.

"सोसायटीतले लोक काय म्हणाले?"

"शिव्या दिल्या दोघा-तिघांनी. असू दे."

"आणि विश्वनाथकाका?"

"आला होता खाली. माझ्यापासून जरा लांब उभा राहिला. माझ्याशी बोलला नाही. त्याची नात झोपाळ्यावर होती. तिला उचलून वर घेऊन गेला."